कंपनीचाच रेडिओ ठेवून गाडीतला आवाज कसा सुधारावा

आवाजाची तक्रार घेऊन दुकानात गेलं की पहिला सल्ला ठरलेला असतो. "भाऊ, हा सेट काढा, मोठी अँड्रॉइड स्क्रीन टाका, आवाज बघा मग." नागपुरात सदर असो, धरमपेठ असो की जरीपटका, हेच ऐकायला मिळतं. माझं मत याच्या उलट आहे. आजच्या गाडीत रेडिओ हा नुसता रेडिओ राहिलेला नाही. रिव्हर्स कॅमेरा, स्टीअरिंगवरची बटणं, पार्किंग सेन्सरची टिकटिक, काही गाड्यांत एसीची आणि दारांच्या लॉकची सेटिंगही त्याच स्क्रीनमध्ये असते. तो काढला की यातलं काहीतरी लंगडं होतं आणि वॉरंटीचा वाद वेगळाच.

मुख्य म्हणजे आवाज खराब असण्याचं कारण बहुतेक वेळा रेडिओ नसतोच. त्याच्या आतली अॅम्पची (अॅम्प्लिफायरची, म्हणजे आवाजाला ताकद देणारी) चिप १२ व्होल्टच्या पुरवठ्यावर चालते आणि ४ ओहमच्या स्पीकरला प्रत्येकी साधारण १५ ते २० वॅट स्वच्छ ताकद देते. डब्यावर '५० वॅट गुणिले ४' असं छापलेलं असतं, तो क्षणिक शिखराचा आकडा. पण पंधरा-वीस वॅट काही कमी नाहीत. ते वाया जातात पातळ पत्र्याच्या दारात आणि लहानशा चुंबकाच्या कागदी स्पीकरमध्ये. त्यामुळे कामाचा क्रम महत्त्वाचा: आधी सेटिंग, मग दार आणि स्पीकर, मग अॅम्प, मग बेस. प्रत्येक टप्प्यानंतर आठवडाभर ऐका. समाधान झालं तर तिथेच थांबा. पुष्कळ लोकांचं काम दार आणि स्पीकरवरच भागतं.

आधी फुकटातलं

गाडी सावलीत, शांत जागी उभी करा. इक्वलायझर सपाट करा, म्हणजे बेस, मिड, ट्रेबल सगळं शून्यावर. 'लाउडनेस', 'सराउंड', 'बेस बूस्ट' असले पर्याय बंद. वेगाबरोबर आवाज आपोआप वाढवणारी सोय बहुतेक रेडिओंत असते, तीही तपासणी संपेपर्यंत बंद ठेवा, नाहीतर काय बदललं ते कळत नाही. फेडर, म्हणजे पुढच्या-मागच्या स्पीकरमधला तोल, किंचित पुढे घ्या. मागचे स्पीकर जोरात वाजत असले की गायक पाठीमागे बसल्यासारखा वाटतो.

आता गाणं कुठून येतंय ते बघा. ब्लूटूथने फोन जोडत असाल तर फोनचा स्वतःचा व्हॉल्यूम पूर्ण वर न्या आणि आवाज कमी-जास्त गाडीच्या बटणाने करा. फोन अर्ध्यावर आणि रेडिओ पूर्ण, असं उलट केलं की खरखर वाढते. शक्य असेल तर केबल लावून अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले वापरा. ब्लूटूथमध्ये आवाज पुन्हा एकदा दाबला जातो, केबलवर तसं होत नाही. स्ट्रीमिंग ऍपच्या सेटिंगमध्ये दर्जा 'ऑटो'वर असेल तर तो सर्वात वरचा निवडा. व्हॉट्सअॅपवरून फिरत आलेल्या फाइलवर स्पीकरची परीक्षा घेऊ नका, कितीही महागडी सिस्टीम तिला सुधारू शकत नाही.

मग खडखड शोधा. फोनवर टोन जनरेटरचं मोफत ऍप घ्या आणि ४० हर्ट्झपासून २०० हर्ट्झपर्यंत हळूहळू सूर वर चढवत न्या. एखाद्या ठरावीक आकड्यावर काहीतरी झणझणतं. त्या आकड्यावर थांबा आणि तळहात एकेका ठिकाणी दाबून बघा: दाराच्या खिशातली बाटली, चिल्लर, ग्लव्ह बॉक्सचं झाकण, मागची पार्सल ट्रे, बाहेरची नंबर प्लेट. जिथे दाबल्यावर आवाज थांबतो तिथे फेल्टची टेप लावा. हे काम शंभर-दोनशे रुपयांत होतं आणि लोक त्याकडे ढुंकूनही बघत नाहीत.

दार हाच स्पीकरचा डबा

घरच्या स्पीकरला लाकडी डबा असतो. गाडीत तो डबा म्हणजे दार. स्पीकरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि मागची सैल होते. दाराच्या आतल्या पत्र्याला हात जाईल एवढी भोकं असतात, त्यांतून मागची लाट पुढे येते आणि दोन्ही एकमेकींना मारतात. खालचे सूर त्यातच संपतात. भर म्हणून बाहेरचा पत्रा स्वतः थरथरतो. दारावर बोटाने टिचकी मारून बघा. तडा गेलेल्या मडक्यासारखं बद्द वाजलं तर काम इथेच आहे.

आपल्याकडे याला आणखी एक कारण जोडलेलं आहे. नागपूरचे रस्ते मोठ्या प्रमाणावर सिमेंटचे झालेत आणि सिमेंटवर टायरचा घरघराट डांबरापेक्षा जास्त येतो. समृद्धीवर १२०च्या मर्यादेजवळ गाडी गेली की हा घरघराट नेमका तबल्याच्या डग्ग्याचा आणि बेस गिटारचा पट्टा झाकून टाकतो. मग माणूस व्हॉल्यूम वाढवतो आणि कान दुखतात. दारात डॅम्पिंग केलं, म्हणजे पत्र्याची थरथर मारणारी शीट आतून चिकटवली, की हा घरघराटही थोडा उतरतो, म्हणजे एकाच खर्चात दोन कामं होतात.

डॅम्पिंग शीट घेताना एकच गोष्ट ठाम धरा: ब्युटाइल रबराची, वरून अॅल्युमिनियमची. छताच्या गळतीला लावतात ती डांबरी शीट दिसायला तशीच असते आणि पुष्कळ स्वस्त मिळते. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना उन्हात उभ्या गाडीचा पत्रा त्याहून कितीतरी तापतो. डांबर मऊ पडतं, ओघळतं, गाडीत वास भरतो. नवतपा सोसू शकेल असाच माल घ्या. ओळखायची खूण सांगतो: तुकडा नाकाशी धरा, डांबराचा उग्र वास आला तर परत करा.

आता दार उघडायचं कसं. बॅटरीची निगेटिव्ह तार काढून काही मिनिटं थांबा, कारण काही गाड्यांत दारातून एअरबॅग यंत्रणेच्या तारा आणि सेन्सर जातात. काही गाड्यांत बॅटरी काढल्यावर रेडिओ कोड मागतो, तो आधीच शोधून ठेवा. ओढायच्या हँडलच्या तळाशी आणि लॉकच्या कडीमागे लहान टोप्यांखाली स्क्रू असतात. ते काढले की पॅनल फक्त प्लॅस्टिकच्या क्लिपांवर उभं असतं. प्लॅस्टिकचं ट्रिम टूल खालच्या कोपऱ्यातून घाला आणि क्लिपच्या अगदी जवळ धरून झटका द्या. लोखंडी पेचकसाने रंग उडतो. डिसेंबरच्या सकाळी थंडीने क्लिपा कडक होतात आणि पटापट तुटतात, म्हणून गाडी तासभर उन्हात ठेवून मगच हात घाला. उलट उन्हाळ्यात सकाळी लवकर, सावलीत काम करा. पाच-सहा क्लिपा जादा आणून ठेवाव्यातच. पॅनल सुटलं की ते वर उचलून काढा आणि काचेच्या बटणांचा कपलर सोडवा. ओढाताण करू नका.

आत काळ्या गोंदाने चिकटवलेला प्लॅस्टिकचा पडदा दिसेल. तो फाडू नका, हळू सोलून बाजूला ठेवा. पावसाळ्यात काचेवरून उतरलेलं पाणी दाराच्या आत येतं. ते आतल्या पॅनलवर आणि गालिच्यावर येऊ नये म्हणून हा पडदा असतो.

बाहेरच्या पत्र्याची आतली बाजू कपडा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. नागपूरची धूळ बारीक असते, दोनदा पुसावं लागतं. सगळा पत्रा झाकायची गरज नाही. स्पीकरच्या मागचा भाग आणि मधला मोठा सपाट भाग धरून तिसरा हिस्सा झाकला तरी थरथर मरते. शीट लाकडी किंवा लोखंडी रोलरने दाबा, वरची नक्षी सपाट होईपर्यंत. हे मनगट दुखवणारं काम आहे आणि दुकानात नेमकी इथेच घाई होते. शीट नुसती चिकटवून चालत नाही. दाबली नाही तर दुसऱ्या उन्हाळ्यात कडा उचलतात.

त्यानंतर आतल्या पत्र्याची मोठी भोकं बंद करायची. इथे सावध राहा. काही गाड्यांत बाजूची धडक ओळखणारा दाब-सेन्सर दारात असतो आणि दारातली हवा एकदम दाबली गेली की तो जागा होतो. तुमच्या गाडीत तो आहे का, हे सर्व्हिस सेंटरला विचारा. असेल तर कंपनीने दिलेला पडदा जसाच्या तसा परत लावा, भोकांची रचना बदलू नका. नसेल तर भोकं शीटने बंद करता येतात, पण काचेच्या मोटरचं भोक असं झाका की उद्या मिस्त्रीला उघडता येईल. दाराच्या अगदी तळाशी पाणी जायच्या बारीक चिरा असतात, त्यांवर काहीही येऊ देऊ नका. त्या बुजल्या तर पाणी साचतं आणि दार आतून गंजतं. शेवटी काच पूर्ण वर-खाली करून बघा. कुठे घासत नसेल तरच पॅनल बसवा.

स्पीकर

दार उघडलेलं असतानाच स्पीकर बदला, दोनदा मजुरी कशाला. बहुतेक गाड्यांत पुढे ६.५ इंची बसतो, पण खोली मोजल्याशिवाय घेऊ नका. काच पूर्ण खाली असताना चुंबक आणि काच यांच्यात बोटभर जागा राहिली पाहिजे.

रेडिओच्याच ताकदीवर चालवायचे असतील तर डब्यावरच्या '३०० वॅट' कडे बघूच नका. बघायचे आकडे दोन. एक आरएमएस वॅट, म्हणजे सलग पेलता येणारी ताकद, दुसरा संवेदनशीलता, म्हणजे १ वॅटला १ मीटरवर किती डेसिबल. तीन डेसिबलचा फरक म्हणजे ताकदीत दुपटीचा फरक. ८८ डेसिबलचा स्पीकर ३० वॅटवर जितका वाजेल तितकाच ९१चा १५ वॅटवर वाजतो. रेडिओ तोच ठेवायचा असल्याने ९० किंवा त्याहून जास्त संवेदनशीलता शोधा. पुढेमागे अॅम्प लावायचा पक्का विचार असेल तर या अटीत थोडी सूट चालेल.

कोअॅक्शियल की कंपोनंट? कोअॅक्शियलमध्ये ट्वीटर, म्हणजे वरचे सूर वाजवणारा छोटा स्पीकर, मोठ्या स्पीकरच्या मध्यावरच असतो, बसवणं सोपं. कंपोनंटमध्ये ट्वीटर वेगळा, तो ए-पिलरजवळ, म्हणजे समोरच्या काचेच्या बाजूच्या खांबाजवळ, लागतो आणि आवाज गुडघ्यांपासून उठून डॅशबोर्डच्या वर येतो. पुढच्या दारांना कंपोनंट आणि मागे कंपनीचेच स्पीकर, हा माझ्या मते पैशाचा सर्वात चांगला वापर आहे. चारही दारांना स्वस्त कोअॅक्शियल लावण्यापेक्षा ऐकणारा जिथे बसतो तिथे खर्च करावा.

ज्या गाड्यांत कंपनीचा ट्वीटर आधीपासून असतो तिथे एक खाच आहे. तो बहुधा दारातल्या स्पीकरलाच समांतर जोडलेला असतो, मध्ये फक्त एक कपॅसिटर. दारात कोअॅक्शियल टाकला आणि जुना ट्वीटरही चालू ठेवला तर वरचे सूर टोचायला लागतात. जुना ट्वीटर सोडवून ठेवा.

स्पीकर बसवायची रिंग लाकडी एमडीएफची घेऊ नका, पावसाळ्यात फुगते. एबीएस प्लॅस्टिकची घ्या आणि मागे फोमची पट्टी लावा. गाडीची तार कापायची नाही. तुमच्या मॉडेलचा कपलर मिळतो, तो एका बाजूने कंपनीच्या सॉकेटमध्ये आणि दुसऱ्या बाजूने स्पीकरला लागतो. ध्रुवता तपासायला दीड व्होल्टचा पेन्सिल सेल पुरतो: स्पीकरच्या प्लसला सेलचा प्लस आणि मायनसला मायनस क्षणभर टेकवा, पडदा बाहेर आला पाहिजे. एका दारात प्लस-मायनस उलटलं तर बेस गायब होतो आणि लोक नव्या स्पीकरला दोष देतात. खात्रीसाठी कोणतंही भाषण किंवा बातम्या लावा. निवेदकाचा आवाज एका जागी, डॅशच्या मध्याजवळ यायला हवा. पसरट, डोक्याभोवती फिरल्यासारखा वाटला तर कुठेतरी तार उलटी आहे.

गाडीत कंपनीचीच 'ब्रँडेड' सिस्टीम असेल तर थांबा. तिच्यात वेगळा अॅम्प असतो आणि स्पीकर ४ ओहमचे असतीलच असं नाही. मल्टीमीटर लावून बघा. ४ ओहमचा स्पीकर साधारण ३.२ ते ३.८ दाखवतो. आकडा २च्या आसपास असेल तर बाजारातला ४ ओहमचा टाकल्यावर आवाज उलट कमी होईल.

अॅम्प, आणि गेनचं खरं काम

रेडिओला मागे आरसीए सॉकेट (अॅम्पसाठी सिग्नल देणारी गोल सॉकेट) नाहीत म्हणून अॅम्प लागणार नाही, असं कुणी सांगितलं तर मानू नका. स्पीकरच्याच तारांवरून सिग्नल घेणारे, म्हणजे हाय-लेव्हल इनपुट असलेले अॅम्प सर्रास मिळतात. जुना अॅम्प असेल तर मध्ये लाइन आउटपुट कन्व्हर्टर लावायचा, तो स्पीकरच्या तारांवरचा सिग्नल अॅम्पला चालेल इतका खाली आणतो. लक्षात घ्या, रेडिओच्या स्पीकर-तारांतली मायनस ही गाडीची अर्थिंग नव्हे. दोन्ही तारांत करंट असतो. मायनस चुकून बॉडीला टेकवली तर रेडिओची चिप जळू शकते. काही गाड्यांचे रेडिओ स्पीकरचा भार दिसला नाही की ते चॅनेल बंद करतात. तिथे लोड रेझिस्टर असलेला कन्व्हर्टर घ्यावा लागतो.

पॉवरची तार थेट बॅटरीवरून, आणि बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज. याला तडजोड नाही. हा फ्यूज अॅम्पसाठी नसून तारेसाठी आहे. बॉनेटमधून येताना तार घासून बॉडीला लागली तर आग टाळणारं दुसरं काही नसतं. फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून, जाताना रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी रिंग) हवाच. तार शुद्ध तांब्याची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तार तितक्याच जाडीत कमी करंट वाहते. तार खरवडून आतून पांढरी दिसली तर ती तीच. चार चॅनेलच्या साध्या क्लास-डी अॅम्पला ८ गेज पुरते. फ्यूज किती अँपिअरचा, हे अॅम्पच्या पुस्तिकेतून घ्या. अर्थिंग आखूड, सीटच्या बोल्टजवळ रंग खरवडून उघड्या पत्र्यावर. इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी ऐकू आली तर आधी हाच जोड तपासा. पॉवरची तार गाडीच्या एका बाजूने आणि सिग्नलची दुसऱ्या बाजूने न्या.

इलेक्ट्रिक गाडीत पुरवठा फक्त १२ व्होल्टच्या बॅटरीवरूनच. नारिंगी जाड केबल म्हणजे हाय व्होल्टेज, तिच्या आसपासही हात नको.

अॅम्प सीटखाली बसवताना मागच्या प्रवाशांसाठीचा एसी डक्ट मोकळा ठेवा आणि अॅम्प गालिच्यापासून थोडा वर उचला, पावसात ओल्या चपलांचं पाणी तिथेच जमतं. मे महिन्यात दुपारी गाडीत बसल्या बसल्या जोरात लावू नका. आधी काचा उघडून एसीने आत जरा निवू द्या. तापलेला अॅम्प संरक्षणासाठी स्वतःच बंद पडतो.

आता गेन. गेन हा दुसरा व्हॉल्यूम आहे असं समजून तो पूर्ण फिरवणं, हे स्पीकर जळण्याचं सर्वात मोठं कारण आहे. गेनचं काम एकच: रेडिओच्या स्वच्छ सिग्नलची आणि अॅम्पच्या स्वच्छ ताकदीची सांगड घालणं. पद्धत अशी. स्पीकर अॅम्पपासून सोडवा. गेन शून्यावर, बेस बूस्ट बंद. इंजिन चालू, रेडिओ तीन चतुर्थांशावर, म्हणजे ४० पैकी ३०. फोनच्या केबलवरून ३०० हर्ट्झचा, ० डीबीचा (म्हणजे फाइलमधल्या सर्वोच्च पातळीचा) टोन लावा. ३०० यासाठी की स्वस्त मल्टीमीटर साधारण ४०० हर्ट्झपर्यंतच एसी व्होल्टेज नीट मोजतात. आता अॅम्पची आरएमएस ताकद गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. ६० वॅट आणि ४ ओहम म्हणजे २४०, त्याचं वर्गमूळ साधारण १५.५ व्होल्ट. मल्टीमीटर एसीवर ठेवून अॅम्पच्या स्पीकर टर्मिनलला लावा आणि १५ दिसेपर्यंत गेन हळू फिरवा. थांबा. बाकी चॅनेललाही तसंच. स्पीकर परत जोडा आणि हाय-पास ८० हर्ट्झवर ठेवा, म्हणजे दारातल्या स्पीकरवरचा खालच्या सुरांचा भार उतरतो आणि तो मोकळा गातो.

बेस आणि डीएसपी

हॅचबॅकमध्ये, त्यातून डिकीत सीएनजीची टाकी असेल तर, सीटखाली बसणारा ८ इंची अॅक्टिव्ह सबवूफर घ्या. अॅम्प त्याच्या आतच असतो. लो-पास ८० हर्ट्झवर ठेवा, म्हणजे त्याच्याकडे फक्त खालचे सूर जातात. फेजचं बटण दोन्हीकडे करून बघा आणि चालकाच्या जागेवर जिथे ढोलकीचा ठोका भरीव वाटतो तिथे सोडा. बेस कुठून येतोय हे कळायला लागलं तर तो जास्त झाला आहे.

पुष्कळ कंपनी-रेडिओ व्हॉल्यूम वाढेल तसा बेस गुपचूप कापतात, छोटे स्पीकर फाटू नयेत म्हणून. सगळं नीट बसवूनही मोठ्या आवाजात बेस पातळ होत असेल तर हेच घडतंय. त्यावर इलाज म्हणजे डीएसपी (डिजिटल सिग्नल प्रोसेसर, आवाजाचा सिग्नल दुरुस्त करणारा डबा), किंवा डीएसपी आतच असलेला अॅम्प. त्याचा दुसरा मोठा उपयोग टाइम अलाइनमेंट, म्हणजे दोन्ही बाजूंचा आवाज कानाशी एकाच वेळी पोचवणं. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे उजव्या दाराचा आवाज आधी पोचतो. टेपने कानापासून दोन्ही स्पीकर मोजा. उजवा ९५ आणि डावा १४० सेंटिमीटर असेल तर फरक ४५. आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो, म्हणून उजव्याला १.३ मिलिसेकंद उशीर द्या. हा एक आकडा भरला की गायिका दारातून उठून समोर काचेजवळ उभी राहते. इतका मोठा बदल इतक्या थोड्या श्रमात दुसऱ्या कशानेही होत नाही.

दुकानातून करून घेत असाल तर

कामाच्या वेळी हजर राहा, आणि हे आधी सांगून ठेवा. दर ठरवताना तीन गोष्टी कागदावर घ्या: तार कापणार नाही, कपलर वापरणार. बॅटरीजवळ फ्यूज बसवणार. दाराचा प्लॅस्टिकचा पडदा परत लावणार. चांगला कारागीर या अटींना लगेच हो म्हणतो. काढलेले कंपनीचे स्पीकर घरी आणा, गाडी विकताना परत बसवता येतात.

पहिल्या पावसानंतर दारांचा तळ बाहेरून हाताने चाचपून बघा. पाणी ठिबकत असेल तर चिरा मोकळ्या आहेत. दार उघडताना आत पाणी खळखळलं तर त्याच दिवशी पॅनल उघडा.